जुनं जहाज ते नवा ट्रक : सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांचा धडा

सुलतान बाजार (हैदराबाद) : सोलापूरहून निघालेला मालट्रक नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी असं करत हैदराबादला पोचतो. अंतर साधारण ३०० किलोमीटर. एवढ्यात तीन राज्यं लागतात आणि तीन राज्यांचं आरटीओ लागतं. १९४८ च्या आधी हाच रस्ता दोन राजवटींतून जायचा. सोलापूर इंग्रजांचं, नळदुर्गापासून पुढे निजामाचं. नाणंसुद्धा वेगळं. इकडे कलदार, तिकडे हाली.

या रस्त्याच्या शेवटी सुलतान बाजार आहे. इंग्रज रेसिडेंटच्या कोठीभोवती वसलेला हा बाजार आधी रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जायचा आणि तिथे कायदा इंग्रजांचा चालायचा. १९३३ मध्ये तो निजामाकडे परत आला आणि सुलतान बाजार झाला. सोलापूर, उस्मानाबाद, बीदर, नांदेड या भागांतून आलेली मराठी घरं याच परिसरात स्थिरावली. कोठीच्या आसपास १९२२ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तर तेलुगू वाचकांचं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम १९०१ पासून. या मराठी घरांत कुणाचा ना कुणाचा भाऊ, मेव्हणा किंवा चुलता गाडीच्या धंद्यात असतोच. जुना डिझेल ट्रक घ्यावा की नाही, हा प्रश्न अशा घरात दर दोन-चार वर्षांनी निघतो.

या प्रश्नावर सर्वांत जास्त शिकवून जाणारा माणूस याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचा, सोलापूरचा. वालचंद हिराचंद. त्यांना जाऊन ७० वर्षं उलटली. लोक त्यांना कारखानदार म्हणून ओळखतात. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी देशात बनाव्यात म्हणून झटलेला उद्योगपती, एवढं शाळेच्या पुस्तकातही असतं. पण त्यांच्या मोठ्या उद्योगांची सुरुवात एका जुन्या, वापरलेल्या यंत्राच्या खरेदीने झाली, आणि ती खरेदी तोट्यात गेली, हे फारसं सांगितलं जात नाही.

सावकारी घरातला मुलगा

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापुरातला. घराणं मूळचं सौराष्ट्रातलं, दिगंबर जैन, दोशी आडनावाचं. पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे मराठी मुलखाशी एकरूप झालेलं. वडील हिराचंद नेमचंद कापसाचा व्यापार आणि सावकारी करायचे. समाजसुधारणेतही त्यांचा पुढाकार होता. जैन बोधक हे नियतकालिक त्यांनीच सोलापुरात सुरू केलं. वालचंदांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत आई गेली. मुलगा घरातल्या इतर बायामाणसांनी वाढवला.

१८९९ मध्ये मॅट्रिक झाली. पुढे मुंबईचं सेंट झेवियर्स, मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. पण घरातल्या अडचणींमुळे पदवी काही पुरी झाली नाही. घरी परतून धंद्यात बसावं लागलं. ज्वारी आणि कापसाच्या व्यवहारात हात घातला तर खोट आली. सावकारी घरात तोटा म्हणजे नुसता पैशाचा तोटा नसतो, पतही जाते. गादीवर बसून व्याज मोजायचं काम आपलं नाही, हे त्यांना याच काळात उमगलं असावं, कारण त्यानंतर ते त्या वाटेला पुन्हा गेले नाहीत.

कारकुनाबरोबर भागीदारी

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांना लक्ष्मणराव फाटक भेटले. फाटक आधी रेल्वेत कारकून होते. त्यांच्याकडे कामाची माहिती होती, पैसा नव्हता. वालचंदांच्या घरी पैसा होता, काम नव्हतं. दोघांनी मिळून बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गाचं काम घेतलं. ही अरुंद रुळांची गाडी. बार्शीहून ती निजामाच्या हद्दीत शिरली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. म्हणजे वालचंदांच्या धंद्याची सुरुवातच सरहद्दीवर झाली.

कंत्राटदारीत एक गोष्ट लवकर कळते. अवजार स्वस्तात मिळालं म्हणून काम स्वस्तात होत नाही. मधेच अवजार मोडलं तर मजूर बसून राहतात आणि त्यांची मजुरी चालूच राहते. कामाची मुदत उलटली तर दंड वेगळा. वालचंदांचा पुढचा सगळा हिशेब या अनुभवावर उभा राहिला. फाटक-वालचंद कंपनीने रेल्वेची आणि बांधकामाची अनेक कामं केली. १९२० मध्ये ती टाटांच्या बांधकाम कंपनीत मिसळली आणि वालचंद त्या मोठ्या कंपनीचा कारभार बघू लागले. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. बोरघाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांचं अवघड काम याच काळातलं. त्याच वर्षी इंडियन ह्यूम पाइप कंपनीही उभी राहिली.

२८ वर्षं जुनं जहाज

आता जुन्या यंत्राची गोष्ट. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा जगात जहाजांचा तुटवडा होता. बरीचशी युद्धात बुडाली होती. हिंदुस्थानचा माल परदेशी जायचा तो इंग्रजी जहाजांतून आणि भाडंही तेच ठरवायचे. अशात रेल्वेच्या प्रवासात एका इंग्रज सहप्रवाशाच्या बोलण्यातून वालचंदांना कळलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज विकायला आहे. मुंबईत उतरल्यावर ते आधी जहाज बघायला गेले, अशी हकिकत सांगितली जाते.

जहाजाचं नाव होतं लॉयल्टी. मूळ नाव एम्प्रेस ऑफ इंडिया. १८९० मध्ये इंग्लंडच्या बॅरो गोदीत ते पाण्यात उतरलं. कॅनडियन पॅसिफिक कंपनीसाठी व्हँकुव्हर ते जपान-हाँगकाँग असा प्रवासी आणि टपालाचा धंदा त्याने वीस-बावीस वर्षं केला. १९१४ मध्ये ते शिंदे महाराजांकडे आलं आणि युद्धात जखमी सैनिकांसाठी इस्पितळ म्हणून वापरलं गेलं. म्हणजे १९१९ मध्ये विकायला निघालं तेव्हा हे जहाज दोन मालकांच्या हातून गेलेलं होतं. वय २८ वर्षं. मूळ वापर एक, मधला वापर दुसरा, आणि नव्या मालकाला हवा होता तिसरा.

वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास यांच्यासारख्या धनिकांना बरोबर घेतलं आणि जहाज खरेदी केलं. त्यातून सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. नावात सिंदिया आहे ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांमुळेच. इस्पितळाचं पुन्हा प्रवासी जहाज करायचं तर डागडुजी आली, केबिन आल्या, यंत्राची तपासणी आली. ते सगळं उरकून ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघालं. हिंदी मालकीचं मोठं जहाज या मार्गावर निघालं, म्हणून ५ एप्रिल हा दिवस आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात.

समारंभात गोष्ट इथे संपते. हिशेबाच्या वहीत ती पुढे चालू राहते.

लॉयल्टी कोळशावर चालायचं, आणि जुनी वाफेची यंत्रं कोळसा भरपूर खातात. जहाज बांधलेलं होतं प्रवासी आणि टपालासाठी. सिंदियाला पैसा मिळणार होता तांदूळ, कोळसा, मीठ असल्या मालाच्या वाहतुकीत. मोठी दुरुस्ती करायची तर गोदी लागते. त्या काळी धंदा, गोदी, कोळसा, विमा, बंदरातली जागा, सगळीकडे इंग्रजी कंपन्यांचं वजन. जहाज हातात आलं, पण ते चालतं ठेवायला जे लागतं ते दुसऱ्यांच्या हातात राहिलं. चार वर्षांत, १९२३ मध्ये, लॉयल्टी मुंबईतच मोडीत निघालं.

ट्रकवाल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. गाडी चांगली होती, पण आपल्या कामाची नव्हती. घेताना परवडली, चालवताना परवडली नाही.

स्पर्धा आणि करार

लॉयल्टी गेलं तरी कंपनी टिकली, कारण वालचंदांनी एकाच जहाजावर सगळा डाव लावला नव्हता. ब्रिटनमध्ये जाऊन मालवाहू जहाजं घेण्याची बोलणी त्यांनी लगेच केली होती. पण ब्रिटिश इंडिया कंपनीने किनाऱ्यावरच्या वाहतुकीचं भाडं पाडलं. मोठ्या कंपनीला तोटा सोसून वर्षभर थांबता येतं, नव्या कंपनीला महिनाभरही जड जातो. शेवटी १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार करावा लागला. त्यात सिंदियाची जहाजं किती असावीत आणि कुठे चालावीत यावर बंधनं आली. वालचंदांना हा करार आयुष्यभर टोचला. पण त्याशिवाय कंपनी वाचली नसती, हेही खरं.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी मोटारीच्या अपघातात गेले आणि सिंदियाची सूत्रं वालचंदांकडे आली. ती १९५० पर्यंत त्यांच्याकडे राहिली. या काळात ते सरकारदरबारी एकच मागणी लावून धरत होते. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची वाहतूक हिंदी जहाजांना राखून ठेवा. त्यासाठी अर्ज झाले, परिषदा झाल्या, लंडनच्या वाऱ्या झाल्या. बऱ्याचदा उत्तर नाही असंच आलं.

दरम्यान जमिनीवर दुसरा डाव चालू होता. नाशिक जिल्ह्यात रावळगाव, पुणे जिल्ह्यात कळंबजवळ वालचंदनगर. माळरानावर ऊस उभा राहिला आणि साखर कारखाने निघाले. रावळगावची चॉकलेटं तर घराघरात गेली. वालचंदनगरात साखरेबरोबरच यंत्रं बनवण्याचं कामही पुढे वाढलं. कारखाना चालवायचा तर त्याची यंत्रशाळा आपली हवी, हा विचार तिथे जमिनीत मुरला.

सुटा भाग ज्याच्या हातात, यंत्र त्याच्या हातात

लॉयल्टी मोडीत गेल्यानंतरची वालचंदांची वाटचाल पाहिली तर एक धागा सरळ दिसतो. जहाज विकत घेण्यापासून ते जहाज बनवण्याकडे गेले. गोदीसाठी कलकत्ता आणि मुंबई इथे जागा शोधली, जमलं नाही. अखेर विशाखापट्टणमला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. तिथे बांधलेलं जलउषा हे जहाज १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. लॉयल्टीच्या पहिल्या सफरीला तेव्हा २९ वर्षं होत आली होती. एवढा काळ एका माणसाने एका गोष्टीचा पिच्छा पुरवला.

विमानाचंही तेच. १९३९ मध्ये ते मोटार कारखान्याच्या कामासाठी अमेरिकेला गेले होते. तिकडून परतताना विमानात विल्यम पॉली हा अमेरिकन भेटला. तो चीनमध्ये विमानांचा धंदा करायचा. बोलणी प्रवासातच सुरू झाली. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. जपानी फौजा जवळ येऊ लागल्यावर १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ती हीच.

आणि तिसरी गोष्ट ट्रकची.

ट्रकचा कारखाना

मोटारीचा कारखाना देशात काढायचा विचार १९३० च्या दशकातला. त्यामागे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते आणि बरोबर वालचंद. मुंबई आणि म्हैसूर या दोन्ही सरकारांशी बोलणी झाली. फोर्डशी जमलं नाही, क्रायस्लरशी जमलं. पण युद्ध सुरू झालं आणि दिल्लीच्या सरकारने हात आखडता घेतला. लष्कराला हजारो ट्रक हवे होते, तरी ते बाहेरून आणायचे, इथे बनवायचे नाहीत, असा सरकारी कल राहिला.

तरीही १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनी नोंदवली गेली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. १९४६-४७ च्या सुमारास गाड्या बाहेर पडू लागल्या. प्लिमथ, डॉज, डी सोटो या मोटारी, आणि डॉज व फार्गो हे ट्रक. सुरुवातीला खोक्यांतून सुटे भाग यायचे आणि इथे जोडणी व्हायची. टीका करणारे म्हणत की हा कारखाना कसला, ही तर मोठी गॅरेज. पण जोडणी करता करता एकेक भाग इथे बनवायचा, हा कंपनीचा बेत होता.

या बेताची किंमत १९५३ मध्ये कळली. टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने धोरण ठरवलं. ज्यांच्याकडे सुटे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनीच थांबावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी जोडणीचा धंदा गुंडाळला. प्रीमिअर टिकली. जो सुटा भाग बनवेल तो राहील, हे वालचंद ज्यासाठी वीस वर्षं भांडले, तेच आता देशाचं धोरण झालं होतं.

ते बघायला वालचंद नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये त्यांनी कामातून अंग काढलं. शेवटच्या काळात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं.  कारभार भावांकडे आणि पुतण्यांकडे गेला. विशाखापट्टणमची गोदी त्याआधीच, १९५२ मध्ये, सरकारने ताब्यात घेतली होती.

पेट्रोलकडून डिझेलकडे

वालचंदांच्या पश्चात ट्रकचं जग पार बदललं. १९५४ मध्ये टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक काढला. अशोक मोटर्सची अशोक लेलँड झाली. तेलाचा हिशेब मांडला की डिझेल पेट्रोलपेक्षा परवडायचं, इंजिन जोर जास्त लावायचं आणि दीर्घकाळ टिकायचं. डॉज आणि फार्गोमध्येही मग पर्किन्सची सहा सिलिंडरची डिझेल इंजिनं बसू लागली. अनेक मालकांनी जुन्या पेट्रोल गाडीची चेसिस ठेवली आणि इंजिन तेवढं डिझेलचं टाकलं. पार्ट मिळाला, मिस्त्री मिळाला, म्हणून गाडी वर्षानुवर्षं चालली.

पुढे या गाड्याही मागे पडल्या आणि रस्त्यावर टाटा आणि लेलँड यांचं राज्य आलं. त्याचं मोठं कारण गावोगावी मिळणारे पार्ट आणि ते बसवणारे हात. उमरग्याला गाडी बंद पडली तरी तिथला मिस्त्री ती उघडू शकतो, ही खात्री मालकाला किमतीपेक्षा मोठी वाटते. प्रीमिअरची मोटार मात्र मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. कारखाना कधीच बंद झालेला, तरी गाडी चालू. कारण एकच, तिचे पार्ट मिळत होते आणि तिला दुरुस्त करणारे लोक होते.

आज जुना ट्रक घेताना

सुलतान बाजारातून सिकंदराबादच्या राणीगंजला गेलं की गाड्यांच्या पार्टची दुकानं लागतात. विजयवाडा रस्त्यावर ऑटोनगर आहे. जुन्या गाडीचा खरा भाव तिथे कळतो, विकणाऱ्याच्या दारात कळत नाही. लॉयल्टीचा हिशेब आजच्या गाडीला लावायचा तर चार गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, गाडी आधी काय काम करत होती. वाळू-खडीवर चाललेली टिप्पर गाडी आणि लांब पल्ल्याची मालगाडी यांचं वय सारखं असलं तरी अवस्था सारखी नसते. वाळूच्या गाडीच्या चेसिसला तडे असू शकतात, वेल्डिंग केलेलं असू शकतं, कमानपाटे बसलेले असतात. जहाज इस्पितळातून आलं की टपालातून, हा प्रश्न इथेही तोच आहे.

दुसरी, इंजिन थंड असताना बघायचं. विकणारा गाडी आधीच गरम करून ठेवत असेल तर संशय घ्यावा. थंड इंजिन एका सेलवर उचललं तर कॉम्प्रेशन बरं आहे असं समजायला जागा आहे. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. मग नोझल, पंप, एअर फिल्टर बघायचे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंग-पिस्टनचं काम निघणार. पांढरा धूर गरम झाल्यावरही राहिला तर हेड गॅस्केटचा संशय. ऑइल भरायचं झाकण काढून चालू इंजिनवर बघावं. तिथून जोरात वाफ मारत असेल तर इंजिन उघडावं लागेल. ऑइल दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय.

तिसरी, कागद. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवून बघायचे. हप्त्याची गाडी असेल तर बोजा उतरल्याचा फॉर्म ३५ हवा. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. महाराष्ट्राची गाडी तेलंगणात किंवा कर्नाटकात कायमची न्यायची तर फॉर्म २८ वर मूळ आरटीओची एनओसी हवी, आणि नव्या राज्याचा टॅक्स भरून नवीन नंबर घ्यावा लागतो. नवी गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी पासिंग, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे नऊ वर्षांची गाडी स्वस्त दिसते, पण दर वर्षी ती पासिंगसाठी सजवावी लागते. तो खर्च गाडीच्या किमतीतच धरायला हवा. थकलेला टॅक्स आणि चलनं यांचीही आधीच चौकशी करावी. सरहद्दीवरचे बरेच व्यवहार इथेच अडकतात, कारण विकणारा एका राज्यात, घेणारा दुसऱ्या राज्यात आणि कागद तिसऱ्याच हातात.

चौथी गोष्ट पार्ट आणि मिस्त्री. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्या रस्त्यावरचा मिस्त्री पाना-पक्कडीवर चालू करतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना सेन्सर आहेत, धुराच्या नळीत फिल्टर आहे, युरियाचं पाणी भरावं लागतं. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. अशी गाडी सेकंडहँड घेण्यात चूक काही नाही. पण आपल्या मार्गावर तिला बघणारं वर्कशॉप कुठे आहे, ते आधी ठरवावं. नाहीतर गाडी आपली आणि लगाम दुसऱ्याचा.

वही जिवंत ठेवणं

घेतल्यानंतरची कामं साधी आहेत, पण ती रोजची आहेत. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी सोडणं, धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर लवकर साफ करणं, ऑइल वेळेवर बदलणं, कूलंटच्या जागी नुसतं नळाचं पाणी न भरणं, ग्रीसिंग न चुकवणं. डिझेल इंजिन घाण आणि उष्णता यांनी मरतं, वयाने कमी मरतं.

आणि वही. किंमत, त्यावर पहिल्या तीन महिन्यांची दुरुस्ती, टायर, विमा, टॅक्स, पासिंग, हप्ता, ड्रायव्हरचा पगार, आणि गाडी उभी राहिल्याचे दिवस. शेवटचा आकडा बहुतेक जण लिहीत नाहीत. उभ्या गाडीला डिझेल लागत नाही, पण हप्ता लागतोच. सगळे पैसे खरेदीत घालून टाकणारा मालक पहिल्याच गिअरबॉक्सला सावकाराकडे जातो. हातात दुरुस्तीपुरती रक्कम राखून मग गाडीचा सौदा करावा, ही साधी रीत आहे.

वालचंदांनी लॉयल्टी घेतलं ते चूक होतं का, यावर आजही दोन मतं होऊ शकतात. नुसत्या जहाजाचा हिशेब मांडला तर तोटा. पण ते जहाज घेतलं नसतं तर सिंदिया कंपनी निघाली नसती. कंपनी निघाली नसती तर गोदी कशाला लागते, सुट्या भागाची किंमत काय असते, हे कळलं नसतं. तोटा झाला तेव्हा ते एका जहाजावर अडून बसले नाहीत. मोडीत निघालेल्या यंत्राकडून जे शिकायचं ते शिकले आणि पुढची तीन दशकं त्याच शिकवणुकीवर काढली. विमान कंपनी सरकारने घेतली, गोदी सरकारने घेतली, ट्रक मागे पडले. तरी बंगळूरला विमानं बनतात, विशाखापट्टणमला जहाजं बनतात आणि सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून दरवर्षी यंत्रं समजणारी मुलं बाहेर पडतात. त्यात सीमाभागातली, कर्नाटकातली मराठी मुलंही असतात.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर आज कुणी जुना ट्रक घेत असेल तर त्याने गाडीची किंमत विचारण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा. ही गाडी हुमनाबादला रात्री दोन वाजता बंद पडली, तर तिला चालू कोण करणार आणि पार्ट कुठून येणार? उत्तर तयार असेल तर सौद्याला बसावं. नसेल तर आणखी चार गाड्या बघाव्यात.